उसाला झिंक मिळतं, लेकराला कधी?

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातलं येडगाव. इथे जस्ताची, म्हणजे झिंकची, ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. उसाच्या पानांवर शिरांच्या मधे फिकट पट्टे दिसले, टोमॅटोचा शेंडा आखडला, द्राक्षाच्या घडात टपोऱ्या मण्यांशेजारी बारके मणी राहिले की शेतकरी कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘झिंक द्या’ म्हणतो. सल्फेट घ्यायचं की चिलेटेड, जमिनीतून द्यायचं की फवारणीतून, लागणीला किती आणि भरणीला किती, याची चर्चा पारावर होते. माती परीक्षणाच्या अहवालात जस्ताचा रकाना असतो आणि तो वाचता येणारी माणसं गावात भरपूर आहेत.

कुकडीवरच्या धरणाने या गावाचं नाव दूरवर नेलं. येडगावच्या जलाशयातून निघालेला डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत ओलांडून करमाळ्यापर्यंत पाणी नेतो. माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही त्याच प्रकल्पातली धरणं. या पाण्यावर नारायणगावचा टोमॅटोचा बाजार उभा राहिला, ओतूर-आळेफाट्याचा कांदा वाढला, जुन्नरची काळी द्राक्षं नावाजली, विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांची धुराडी पेटली. जमिनीला काय कमी पडतंय हे ओळखायला शेतकरी शिकला आणि त्याचा मोबदलाही त्याला मिळाला.

पण या जमिनीत ओतलेलं जस्त शेवटी जातं कुठे? उसातून निघणाऱ्या साखरेत ते जवळजवळ नसतंच. टोमॅटो आणि द्राक्षं ट्रकमधून बाहेरगावी जातात, आणि त्यांतही जस्त नावापुरतंच. लेकराच्या ताटात जस्त आणू शकली असती ती पिकं म्हणजे बाजरी, हरभरा, मटकी, तीळ. बागायत वाढली तसं त्यांचं क्षेत्र आक्रसलं आणि त्यांच्या जागी घरात रेशनचा तांदूळ आणि गहू आला. जमिनीची भूक भागवण्यात हा पट्टा कुशल झाला. त्याच घरातल्या दीड-दोन वर्षांच्या पोराची तीच भूक मात्र कुणी मोजलेली नसते.

ते पोर दिवाळीपासून खोकत असतं. छाती भरते, वाफ द्यावी लागते, पातळ औषधाची बाटली संपते न संपते तोच नाक पुन्हा वाहू लागतं. आजीला वाटतं थंडी बाधली. आईला वाटतं फवारणीचा वास किंवा चुलीचा धूर सोसत नाही. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. धूर तर लहान मुलांच्या न्यूमोनियाचं सिद्ध झालेलं कारण आहे. पण सहाव्या महिन्यानंतर या पोराच्या पोटात नेमकं काय गेलं, हा प्रश्न दवाखान्यात क्वचित विचारला जातो. गावोगावच्या दवाखान्यांत खोकल्यावर जेवढे पैसे खर्च होतात, त्यातला थोडा भाग त्या प्रश्नावर खर्च झाला असता तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी केली. सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण हे तिचं नाव. तिच्यात रक्त तपासून सूक्ष्मपोषकांची कमतरता मोजली गेली. १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी १९ टक्के मुलांत जस्त कमी आढळलं, म्हणजे पाचांतलं एक मूल. १० ते १९ वयोगटात हे प्रमाण ३२ टक्के निघालं. जस्ताची मोठी अडचण अशी की त्याच्या कमतरतेला चेहरा नाही. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर मूल अंधारात चाचपडतं, लोह कमी पडलं तर ओठ पांढुरके होतात. जस्त कमी पडलं तर मूल नुसतं उंचीला कमी भरतं, भूक मंदावते, आजारपणं लांबतात आणि परत परत येतात. घरचे म्हणतात, ‘आमच्याकडं सगळे बुटकेच.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. सगळं खापर जस्तावर फोडता येणार नाही, पण त्याचा वाटा नाकारताही येणार नाही.

माणसाला जस्त कमी पडू शकतं हे वैद्यकाने मान्य करून फार काळ लोटलेला नाही. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५०च्या दशकाच्या अखेरीस इराणमधल्या शिराझच्या रुग्णालयात काम करत होते. तिथे त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांचा मुलगा वाटत होता. वाढ खुंटलेली, रक्त कमी, यकृत आणि पांथरी सुजलेली. त्याचं जेवण म्हणजे बिनआंबवलेल्या पिठाची रोटी, आणि त्यासोबत तो रोज माती खात असे. असे आणखी तरुण सापडले. १९६१ साली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि पुढे इजिप्तमध्ये केलेल्या अभ्यासातून जस्ताचा दोष पक्का केला. तोवर जस्त झाडांना आणि जनावरांना लागतं हे ठाऊक होतं, पण माणसाला ते कमी पडेल यावर विश्वास ठेवायला अनेक तज्ज्ञ तयार नव्हते. माती खाणारी मुलं आपल्या गावांतही असतात. आई पाठीत धपाटा घालते. तेव्हा रक्त तपासायला हवं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

जस्त नेमकं करतं काय? शरीरातली तीनशेहून अधिक विकरं त्याच्याशिवाय चालत नाहीत. पेशींचं विभाजन त्याच्यावर अवलंबून असतं, म्हणून ज्या पेशी झपाट्याने बदलतात तिथे त्याची टंचाई आधी जाणवते. अशा जागा तीन: आतड्याचं अस्तर, श्वासनलिकेचं अस्तर आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. छातीच्या वरच्या भागातली थायमस ग्रंथी लढाऊ पेशींना तयार करते, आणि जस्त कमी पडलं की ती आकसते. श्वासनलिकेचं अस्तर विरळ झालं की विषाणूला आत शिरणं सोपं जातं, मागोमाग जिवाणू येतात, आणि साधी सर्दी फुप्फुसात उतरते. लोह यकृतात साठतं, ‘अ’ जीवनसत्त्वही साठतं. जस्ताचा असा साठा शरीर ठेवत नाही. ते रोजच्या रोज पोटात जावं लागतं. आणि जुलाब झाले की विष्ठेवाटे ते भराभर वाहून जातं.

जस्ताचं आणि छातीच्या आजारांचं नातं सगळ्यात स्पष्ट दिसलं ते आपल्याच देशात. दिल्लीत डॉ. सुनील साजवाल आणि सहकाऱ्यांनी ६ ते ३५ महिन्यांच्या ६०९ मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले. जुलाबातून बऱ्या झालेल्या या मुलांपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम जस्त दिलं गेलं. त्यांच्यात फुप्फुसापर्यंत पोचलेल्या श्वसनसंसर्गाचं प्रमाण ४५ टक्क्यांनी घटलं. २००२ साली दिल्लीच्याच झोपडवस्तीतल्या सुमारे अडीच हजार मुलांच्या चाचणीत डॉ. निता भंडारी यांच्या गटाला न्यूमोनियात २६ टक्के घट दिसली. जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा फायदा लहान झाला, पण पुसला गेला नाही. कॉक्रेनच्या आढाव्याने दोन महिने ते पाच वर्षांच्या मुलांत न्यूमोनियाचे प्रसंग १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं नोंदवलं.

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण नेमकी हीच गोष्ट अर्धवट ऐकली जाते. जस्त न्यूमोनिया टाळायला मदत करतं. झालेला न्यूमोनिया ते बरा करतं, असा भरवशाचा पुरावा नाही. ढाक्यातल्या एका चाचणीत आजारी मुलं लवकर सुधारली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी तीव्र न्यूमोनिया झालेल्या मुलांना जस्त दिलं, तिथे एकंदरीत काही फरक पडला नाही. म्हणून खोकल्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर झिंकचं सिरप लिहिणं हा या विज्ञानाचा गैरवापर आहे. महिनोन्‌महिने जास्त जस्त घेतलं तर शरीरात तांबं कमी पडू शकतं. शिवाय बाटली आणली की आई-बापाला वाटतं काम झालं, आणि मुलाचं ताट आहे तसंच राहतं.

न्यूमोनियातून मुलं वाचतात ती वेळेवर ओळख पटल्यामुळे, आणि हे सगळ्या जगाला महाराष्ट्राने दाखवून दिलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८पासून गावातल्याच लोकांना, त्यांत निरक्षर दायाही होत्या, बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. मोजता न येणाऱ्या दाईसाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी सरकवायचं साधं यंत्र तयार केलं. वेग जास्त असला तर गावातच औषध सुरू व्हायचं. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं की या गावांतले न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. आजही नियम तेच आहेत. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्र काढून बघू, सकाळी जाऊ, असं म्हणायला तिथे जागा नाही.

लसीचंही तसंच, तीही वेळेवर मिळायला हवी. न्यूमोकॉकस जिवाणूवरची लस २०२१ पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाळाला सरकारी लसीकरणात फुकट मिळते. दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्याला असे तिचे तीन डोस. ही लस बनवणाऱ्यांत पुण्याचीच सिरम इन्स्टिट्यूट आहे. नवव्या महिन्याचा डोस कामाच्या हंगामात चुकू शकतो.

मग जस्ताचं खरं स्थान कुठे? जुलाबात. आणि तिथेच आपली सगळ्यात मोठी चूक होतेय.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली एकत्र सांगितलं की जुलाब झालेल्या प्रत्येक मुलाला ओआरएससोबत १० ते १४ दिवस जस्त द्यावं. भारताने १४ दिवसांचा नियम घेतला. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅमची म्हणजे अर्धी, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. आशाताईकडे आणि आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. जुलाब लवकर थांबतात हा झाला तातडीचा फायदा. पण चौदा दिवसांचं कारण वेगळं आहे. वाहून गेलेलं जस्त भरून निघावं आणि पुढचे दोन-तीन महिने मूल जुलाब आणि न्यूमोनिया या दोन्हींपासून थोडं सुरक्षित राहावं, यासाठी ते आहेत. बांगलादेशातल्या मतलब भागात १९९८ ते २००० या काळात आठ हजारांवर मुलांत हे करून पाहिलं गेलं. जुलाबात जस्त मिळालेल्या गावांत मुलं श्वसनसंसर्गाने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण घटलं आणि अपघात सोडून इतर कारणांनी होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

म्हणजे ऑगस्टमध्ये झालेल्या जुलाबात दिलेली गोळी ऑक्टोबरातल्या खोकल्याशी बांधलेली आहे. हा धागा आई-बापाला कुणी उलगडून सांगत नाही. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात, गोळीची चव तुरट-धातूसारखी लागते, मूल थुंकून टाकतं, आणि उरलेली पाकिटं फडताळात पडून राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरात जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेली सुमारे ६१ टक्के होती आणि जस्त मिळालेली जेमतेम ३०.५ टक्के. मिळालेल्यांतल्या किती जणांनी चौदाही दिवस गोळी घेतली, हे त्या आकड्यात येत नाही. खासगी दवाखान्यांत तर जुलाबासाठी अँटिबायोटिक आणि सलाईन आधी, जस्त असलं तर शेवटी. शेतकऱ्याला औषधांच्या मात्रा आणि वेळापत्रक पाळायची सवय आहे. द्राक्षाची फवारणी तो एक दिवसही चुकवत नाही. चौदा दिवस का, हे त्याला कारणासह सांगितलं तर तो ते पाळेल. आजवर सांगितलं गेलं नाही, म्हणून पाळलं गेलं नाही.

आता ताटाकडे वळू. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३ मिलिग्रॅम जस्त लागतं. आकडा क्षुल्लक वाटतो. आईच्या दुधातलं जस्त शरीराला चांगलं लागतं, पण पहिल्या काही महिन्यांत भरपूर असलेलं हे प्रमाण सहाव्या महिन्यापर्यंत बरंच उतरतं. बरोबर त्याच वेळी उष्टावण होते, आणि पुढे कित्येक महिने बाळाला मिळतं ते वरणाचं पाणी, भाताची पेज, आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. जस्त असतं ते तळाशी राहिलेल्या डाळीत, वरच्या पाण्यात नाही. देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं सुमारे ११ टक्केच आहेत. ही उपासमार नव्हे. दूध डेअरीला घालणाऱ्या, बागायतदार घरांतही बाळाचं ताट असं पातळ असू शकतं, आणि म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

त्यात धान्यातलं जस्त शरीराला लागण्यात एक अडथळा आहे. धान्य आणि कडधान्यांत फायटेट नावाचा घटक असतो. तो जस्ताला धरून ठेवतो आणि आतड्यात शोषू देत नाही. शिराझच्या त्या तरुणाचं दुखणं हेच होतं. यावरचा उपाय आपल्या आज्यांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होता. मोड आणलेली मटकी, नाचणी भिजवून मोड आणून केलेलं सत्त्व, रात्रभर आंबवलेली आंबील, या सगळ्यांत फायटेट फुटतं आणि जस्त मोकळं होतं. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरातल्या महादेव कोळी वस्त्यांत नाचणी आणि वरई अजून शिजते, पावसाळ्यात खेकड्यांचा रस्सा होतो, ओढ्यातले मासे येतात. खेकडा आणि मासळी यांतलं जस्त शरीराला सहज लागतं. धरणाकाठच्या गावांनाही मासळी परकी नाही. पैशाने श्रीमंत पूर्व पट्ट्यातलं बाळ या बाबतीत डोंगरातल्या बाळाच्या मागे असू शकतं, हे मनाला पटायला जड जातं, पण विचार करण्याजोगं आहे.

आणि भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, हरभरा-पावटा-गाजराची, तिळाचं आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी. खोकल्याच्या ऐन थंडीत हा सण येतो, आणि जस्ताच्या दृष्टीने वर्षातलं हे सर्वांत भरलेलं ताट असेल. तिळात १०० ग्रॅममागे सात मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असतं, शेंगदाण्यात तीनच्या वर, बाजरीत तीनच्या जवळपास. दु:ख एवढंच की वर्षाच्या मुलाला ‘बाजरी उष्ण पडते’ म्हणून हे ताट दाखवलंही जात नाही. मऊ भाकरी दुधात कुस्करून, त्यात चमचाभर भाजलेल्या तिळाचं बारीक कूट घालून आठव्या-नवव्या महिन्यापासून द्यायला काही हरकत नाही. दाणे किंवा तीळ आख्खे मात्र द्यायचे नाहीत, ते श्वासनलिकेत अडकतात.

बाजरीचं महत्त्व शास्त्रज्ञांनीही ओळखलंय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेसोबत काम करून ‘धनशक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्रात आणला. किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त. बेळगाव भागातल्या दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना अशी बाजरी खाऊ घालून २०१३ साली मोजमाप प्रसिद्ध झालं. या मुलांच्या शरीरात साध्या बाजरीपेक्षा जास्त लोह आणि जास्त जस्त शोषलं गेलं, रोजची गरज भागेल इतकं. नंतर मुंबईच्या वस्त्यांत १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना नऊ महिने अशा बाजरीचे पदार्थ दिले, तेव्हा एकंदर गटाच्या वाढीत ठळक फरक दिसला नाही. ज्यांच्यात सुरुवातीला लोह कमी होतं त्यांना फायदा झाला. म्हणजे एकटी बाजरी सगळं करणार नाही. पण ती ताटात असणं आणि नसणं यांत फरक आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कोरडवाहूसाठी काढलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या बन्सी गव्हातही किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास जस्त आहे. पीक फुलोऱ्यात आल्यावर जस्ताची फवारणी केली तर दाण्यातलं जस्त आणखी वाढतं, हेही सिद्ध झालंय. येडगाव परिसरातल्या शेतकऱ्याकडे पंप आहे, झिंक आहे, हात बसलेला आहे. फक्त ही फवारणी उसावर न थांबता घरच्या खाण्याच्या अर्ध्या एकर बाजरी-गव्हापर्यंत यायला हवी.

सरकारने काय करायचं, यावर संदिग्ध बोलून चालणार नाही. रेशनवर २०२४ मध्ये सगळीकडे पोषणसंवर्धित तांदूळ पोचला. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ सक्तीचं आहे, जस्त ऐच्छिक. पाचांतल्या एका मुलात कमतरता आढळल्यावर ते ऐच्छिक ठेवण्यात काय अर्थ आहे? तांदळात घालायचं नसेल तर अंगणवाडीतून घरी दिल्या जाणाऱ्या पोषण आहाराच्या पाकिटात महाराष्ट्राच्या बाजरीला जागा द्यावी. अंड्याचा प्रश्न त्याहून तातडीचा आहे. एका अंड्यात सुमारे ०.६ मिलिग्रॅम जस्त असतं आणि ते शरीराला लागतं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी क्षेत्रातल्या सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, किंवा न खाणाऱ्यांना केळी, मिळतात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरात ही योजना आहे, पूर्वेच्या बागायती गावांत नाही. तालुका तोच, अंगणवाडी तशीच, मुलाची गरज तेवढीच. शाळेतल्या माध्यान्ह भोजनात २०२३च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी थांबवण्यात आला. पैसे वाचवायची ही जागा नव्हती.

जिल्ह्याकडे मोजमाप करायचीही सोय आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू इथे केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून गावोगावच्या घरांची आरोग्यनोंद ठेवतंय. संसर्ग चालू असताना रक्तातलं जस्त तात्पुरतं उतरतं, त्यामुळे ही तपासणी काळजीपूर्वक करावी लागते. अशी सवय असलेली संस्था हाताशी असताना बागायती गावांतल्या मुलांचं जस्त मोजून पाहायला जिल्हा परिषदेने पैसे द्यावेत. माती परीक्षणासाठी यंत्रणा उभारता येते, तर मुलांसाठीही येते.

सगळ्यात आधी पोचायला हवं ते उसाच्या फडात. केंद्राची न्यूमोनियाविरोधी ‘सांस’ मोहीम १२ नोव्हेंबरला सुरू होते आणि फेब्रुवारीअखेर चालते. साखर कारखान्यांचा गळीत हंगामही त्याच दिवसांत भरात असतो. मराठवाडा-खानदेशातून आलेल्या टोळ्या जुन्नर-आंबेगावच्या शिवारात कोप्या टाकतात. पाचटाची भिंत, जुन्नरची कडाक्याची थंडी, कोपीतच पेटलेली चूल, कालव्याचं पाणी. आई पहाटे कोयता घेऊन निघते आणि वर्षाचं मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात राहतं. या मुलाचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत असतं आणि ते इथे नसतं. स्थलांतरित लाभार्थ्यांचा माग ठेवणारी मोबाइल यंत्रणा महिला व बालविकास विभागाने आणली आहे, ती फडावरच्या प्रत्येक कोपीपर्यंत पोचली पाहिजे. कारखाना मुकादमाला उचल देतो तेव्हा टोळीत पाच वर्षांखालची मुलं किती, हे त्याच कागदावर लिहून घ्यावं आणि ती यादी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. मग आशाताईने चौदा-चौदा गोळ्यांची पाकिटं आणि ओआरएस घेऊन फडावर जायचं, नवव्या महिन्याची राहिलेली लस तिथेच द्यायची सोय करायची, प्रत्येक आईला बाळाच्या पोटाकडे बघत मिनिटभर श्वास मोजायला शिकवायचं, आणि अंगणवाडीताईने त्या मुलांना जवळच्या अंगणवाडीच्या पटावर घेऊन त्यांचं अंडं आणि उसळ सुरू करायची. यासाठी नवा कायदा लागत नाही. कारखान्याचा शेतकी अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांची ऑक्टोबरमध्ये एक बैठक लागते.